पातेल्याबाहेरच्या कॅलरी

२ फेब्रुवारी

पोट भरेपर्यंत जेवायची ज्यांना जन्मापासून सवय आहे आणि ज्यांच्या पुढ्यात आता काट्यावर तोललेला भात ठेवला जातो, अशा माझ्या समस्त घरच्या माणसांनो,

तुमचं गाऱ्हाणं माझ्यापर्यंत पोचलं. पोचवलं ते माझ्या भाचीनेच, आणि तेही अभिमानाने. ती लिहिते, ‘मामा, मी आता घरातल्या प्रत्येक जेवणाच्या कॅलरी मोजते. विकतच्या पाकिटावर त्या छापलेल्या असतात. घरच्या रश्श्यावर कोण छापणार? म्हणून मीच मोजते.’ हे मी खाणावळीत बसून वाचलं आणि हातातला पाव खाली ठेवला. नंतर उचलला, कारण त्याचे पैसे दिले होते.

चिमणे, हे पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाच. तुझ्या सासूबाईंनी ऐकावं, तुझ्या नणंदेने ऐकावं, आणि तुझ्या नवऱ्याने तर कान देऊन ऐकावं, कारण वजनाचा आरोप त्याच्यावर आहे असं दिसतं.

मी सारं आयुष्य कारखान्यांच्या फाटकांसमोर खुर्चीवर उभा राहून भाषणं केली. मालकांनी मजुराचं काय मोजायचं बाकी ठेवलं? तास मोजले, नग मोजले, मोरीत गेलेला वेळ मोजला. पण घरी जाऊन त्याने किती खाल्लं हे मोजायची छाती एकाही मालकाला झाली नाही. ती माझ्या भाचीला झाली. घर ही या पृथ्वीवरची एकमेव जागा आहे जिथे माणसाला कोणी ‘अजून घे’ असं म्हणतं. तिथेही ‘बास झालं’ ऐकू येऊ लागलं, तर माझ्या खाणावळीत आणि तुमच्या घरात फरक काय राहिला? माझ्याकडे निदान पैसे टाकले की दुसरी वाटी येते.

मी वाचलेल्या इतिहासात प्रजेचा घास मोजणारे राजे पुष्कळ आहेत. त्यांचं पुढे काय झालं तेही सविस्तर दिलेलं आहे. ते इथे लिहीत नाही, कारण तू माझ्या बहिणीची मुलगी आहेस.

काटा दुकानात परत कर.

तुझा मामा

ता. क. फोन करू नका. कर्ण्याशेजारी उभं राहून माझा एक कान गेला आणि दुसरा जायच्या बेतात आहे. पत्र लिहा, आणि प्रत्येकाने वेगळं लिहा. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या पत्रात सगळे मजेत असतात.

८ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. वन्संनी मध्ये मध्ये टाळ्या वाजवल्या. हे खाली मान घालून रस्सा खात होते. एकशे ऐंशी ग्रॅम.

आता माझं ऐका. तुम्हाला वाटतं मला हौस आली आहे. ह्यांच्या खात्यात नवीन नियम निघालाय. आगीचा बंब चालवणाऱ्याचं वजन नव्वद किलोच्या आत पाहिजे. त्याच्यावर गेलं की सीटचा पट्टा नीट बसत नाही, आणि वेगात वळताना माणूस फेकला जाऊ शकतो. मार्चअखेर खात्याचे डॉक्टर सगळ्यांना तपासणार आहेत. हे आहेत चौऱ्याण्णव. जे जास्त भरतील त्यांना बंबावरून उतरवून टेलिफोनच्या खोलीत बसवणार. पगार तोच राहील, पण मामा, हे टेलिफोनच्या खोलीत बसलेले मला बघवणार नाहीत. तुम्ही ह्यांना बंब चालवताना पाहिलेलं नाही. घरी साधी उशी कुठे ठेवू म्हणून विचारणारा माणूस, पण चौकात तो अवजड बंब असा वळवतो की हात दाखवून गाड्या थांबवणारा पोलिस हात वर ठेवूनच बघत राहतो.

मी रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. डब्यात काय गेलं आणि डब्यातून काय निघालं याचा मेळ लावायचा, एवढंच माझं काम. तेच मी घरी करते. पातेल्यात जे जे पडेल ते आधी तोलायचं आणि तक्त्यावरून त्याच्या कॅलरी काढायच्या. शिजल्यावर अख्खं पातेलं तोलून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. मग ज्याच्या ताटात जितके ग्रॅम, तितका त्याचा वाटा. अवघड काहीच नाही. अवघड फक्त सासूबाई आहेत.

मी विचारलं, आई, तेल किती घातलंत? म्हणाल्या, लागेल तेवढं. म्हटलं, किती लागलं? म्हणाल्या, आज जरा जास्तच लागलं. म्हणून मी मापाचा चमचा आणून दिला, तर त्याने त्यांनी झाडाला पाणी घातलं. शेवटी मी तेलाची बाटलीच स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर तोलायला लागले. परवा बाटली नंतर जास्त भरली. मी तीनदा तोलली. तेव्हा म्हणाल्या, संपत आली होती म्हणून मध्येच भरून ठेवली, एवढंही करू नये का मी माझ्या घरात?

काटा परत करणार नाही. आणि मामा, हात जोडते, तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची चिमणी

११ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

वेगळं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. सूनबाई कामावर गेली आहे, मुलगी बेकरीत गेली आहे, आणि काटा माझ्याकडे बघत ओट्यावर बसला आहे.

सून वाईट नाही. पण हल्ली मी मीठ बघायला चमचा तोंडात घातला की ती लगेच विचारते, अर्धा होता की पूर्ण? कांदा चिरला की साल वेगळं तोलते. काल मी बटाटा सोलत होते तर म्हणाली, आई, सालं जाड जातायत, हिशोब बदलतो. आता या वयात मी बटाटे सोलायला शिकू काय?

तेही मी चालवून घेतलं. पण पोराच्या ताटात मुठीएवढा भात बघितला आणि माझ्या पोटात तुटलं. दारातून वाकून आत येणारा माणूस तो. मूठभर भाताने त्याचं काय होणार?

तेव्हा मी काय करते ते सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. ती ताट तोलते, लिहून घेते आणि पाण्याचा जग आणायला उठते. तेवढ्यात मी भाताखाली बटाटे पुरते. लोण्यात खरपूस परतलेले. ते पातेल्यात नव्हतेच, त्यामुळे तिच्या हिशोबात येतच नाहीत. तिचा हिशोबही बरोबर आणि माझं पोरगंही उपाशी नाही. पहिल्या दिवशी तो दचकला आणि ‘आई, हे काय,’ असं म्हणणार होता. मी डोळे वटारले. मग गप खाल्लं.

नोकरीचं म्हणाल, तर दोन बटाट्यांनी कोणाची नोकरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुमची विहीण

१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला उभं राहून बोलावंसं वाटलं. बोललोही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने छताला काठी मारली तेव्हा थांबलो.

तुम्ही जे करता आहात त्याला मी लबाडी म्हणणार नाही. त्याला प्रतिकार म्हणतात. आणि प्रतिकाराचे काही नियम असतात, ते संपाच्या दिवसांत आम्ही पाळून पाहिलेले आहेत. पहिला नियम असा की प्रत्येक कार्यकर्त्याला फक्त स्वतःचं काम माहीत असावं. शेजारचा काय करतो हे त्याने विचारू नये आणि स्वतःचं सांगू नये. म्हणजे एक सापडला तरी चळवळ चालू राहते. तेव्हा बटाट्यांबद्दल घरात अवाक्षर काढू नका. या लढ्यात तुम्ही एकट्याच आहात असं धरून चाला.

नव्वद किलोच्या नियमाची काळजी सोडा. मी खात्याच्या वरिष्ठांना बारा पानी पत्र पाठवलं आहे. माणसाच्या मापाने पट्टा शिवायचा असतो, पट्ट्याच्या मापाने माणूस नाही, हे त्यांना इतिहासातल्या दाखल्यांसह समजावलं आहे. नियम मार्चच्या आत मागे घेतला जाईल.

बटाटे वाढवायला माझी हरकत नाही.

तुमचा व्याही

१९ फेब्रुवारी

मामा,

मी तुमच्या चिमणीची नणंद. टाळ्या वाजवणारी.

वहिनी चांगली आहे, पण हल्ली ती माणसाकडे बघते तेव्हा वाटतं मनातल्या मनात पातेल्याचं वजन वजा करतेय. दादाचे गाल बसलेत. म्हणजे मला तरी बसल्यासारखे वाटतात. आई म्हणते बसले नाहीत, पण आईचा चष्मा जुना आहे.

मी बेकरीत गल्ल्यावर असते. दादाचं फायर स्टेशन रस्त्याच्या पलीकडे. दुपारी लोण्याचे पाव उरतात, ते मी नेते. सगळ्यांसमोर दिले तर बाकीचे ड्रायव्हर चिडवतील, म्हणून मी ते दादाच्या हेल्मेटमध्ये ठेवते. ते खुंटीला उलटं टांगलेलं असतं. दोन पाव आरामात बसतात, तीन दाबून. दादा पहिल्या दिवशी म्हणाला, ‘अगं, मला नको.’ मी म्हटलं, वहिनीला घाबरतोस? मग घेतले.

गेल्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. पाव ठेवले आणि घंटा झाली. गाद्यांच्या गोदामाला आग. दादाने हेल्मेट ओढलं ते थेट डोक्यावर, आणि निघाला. तासभर आगीसमोर उभा होता. लोणी वितळून कपाळावरून कानांपर्यंत ओघळलं. त्यांचे साहेब सगळ्यांना म्हणाले, बघा, घाम गाळणं म्हणजे काय असतं. आता दादाचं नाव शाबासकीसाठी वर पाठवलंय. तो खरं सांगायला गेला होता, मीच नको म्हटलं.

हे वहिनीला सांगू नका. आईलाही नको, ती म्हणेल बेकरीचं लोणी चांगलं नसतं.

तुमची
टाळ्यावाली

२२ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड, पाकिटात घालून)

टाळ्यावाले,

कोणाला कळू देऊ नकोस. घरात तू एकटीच आहेस असं धरून चाल. दाबून तीन बसत असतील तर तीन.

मामा

३ मार्च

मामा,

हे सत्त्याण्णव झाले.

मी आधी काट्यावर संशय घेतला. कारखान्यातलं खात्रीचं वजन मागून आणलं आणि काटा तपासला. बरोबर निघाला. तक्ता तपासला. ह्यांच्या खिशातल्या किल्ल्या काढल्या, पाकीट काढलं, कंगवा काढला. सत्त्याण्णव.

मग मला वाटलं, चूक रश्श्यातच असणार. म्हणून रस्साच प्रयोगशाळेत नेला. रंगात पाणी किती आणि घट्ट ऐवज किती, ते बघायला आमच्याकडे एक भट्टी आहे. नमुना आत ठेवायचा, वाळवायचा, तोलायचा. रस्सा ठेवला आणि चहाला गेले. परत येते तर अख्ख्या मजल्यावर परतलेल्या कांद्याचा वास, आणि भट्टी रिकामी. पॅकिंगच्या लोकांनी तो पावाबरोबर खाल्ला होता. मी जाब विचारला तर त्यांच्यातला मोठा म्हणतो, ‘बाई, आज रंग फार छान उतरलाय. दुसरा हात कधी मारणार?’

मग एकच उपाय राहिला. मी ह्यांचा वाटा निम्मा केला. आश्चर्य म्हणजे सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. वन्संही नाहीत. मला वाटतं घराला अखेर शिस्त लागली.

पण मामा, एक सांगायचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी तो निम्मा वाटा पुढ्यात ठेवला तेव्हा मला वाटलं हे आता ताट सरकवतील. सरकवलं असतं तर बरं झालं असतं. हे ताटाकडे बघून ‘छान आहे’ म्हणाले. तेवढ्याशा भाताला छान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी फायर स्टेशनच्या फाटकाशी थांबले आणि ह्यांना हाक मारली. डब्यात साय होती, साखर घालून. उभ्या उभ्या खायला लावली. आता रोज नेते. ती मी लिहीत नाही. जेवण नव्हेच ते, हो ना मामा? आणि घरात कोणीच काही देत नाही, तर निदान मी एकटीने तरी द्यायला नको का?

तुमची चिमणी

७ मार्च

चिमणे,

शाबास. डबा नेणं सोडू नकोस आणि तोंडातून ब्र काढू नकोस. घरात हे करणारी तू एकटीच आहेस असं धरून चाल.

वाटा मात्र निम्माच ठेव. एकदम पूर्ण केलास तर संशय येईल.

तू तिकडे एकटी झटते आहेस आणि मी इकडे नुसती शाई खर्च करतो आहे, हे मला पटेना. म्हणून जावईबापूंच्या स्टेशनच्या पत्त्यावर लोण्याच्या बिस्किटांचा मोठा डबा धाडला आहे. दर आठवड्याला एक जाईल अशी दुकानात सोय केली आहे. खात्याकडून उत्तर अजून नाही. इतके दिवस लागत आहेत, म्हणजे ते मुद्दे खोडून काढता येत नसणार.

तुझा मामा

२ एप्रिल

मामासाहेब,

मी पत्रं लिहीत नाही. लिहितो ते आग कुठे लागली, कधी विझली, एवढंच. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

तपासणी झाली. एकशे एक. डॉक्टरांनी खाली उतरवलं, बूट काढायला लावले आणि परत चढवलं. शंभर आणि वर थोडं. म्हणाले, बुटांनी जेवढं करायचं तेवढं केलं, आता तुम्ही करा. मे महिन्यात पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नव्वदच्या आत नसलो तर जागा कायमची बदलणार.

तोपर्यंत टेलिफोनच्या खोलीत आहे. वरचा मजला, मोठी काच. फोन आला की पत्ता लिहून घ्यायचा आणि घंटेचं बटण दाबायचं. खाली दार उघडतं आणि माझा बंब जातो. नवा ड्रायव्हर चांगला आहे, पण वळताना ब्रेक दाबतो. मला वरून ऐकू येतं. त्या वेळी माझा पाय आपोआप हलतो.

आता मुद्द्याचं. सकाळी फाटकाशी साय असते. तुमची भाची डबा पुढे करते आणि तिचे डोळे भरून येतात, तिला नको कसं म्हणू. दुपारी हेल्मेट. आता हेल्मेट लागत नाही, तर धाकटी पाव थेट टेलिफोनच्या खोलीत आणते आणि मी खाईपर्यंत बसून राहते. मधल्या वेळात तुमची बिस्किटं. मी ती बाकीच्यांना वाटली, तर ते म्हणाले, मामांनी तुझ्यासाठी पाठवली, आणि त्यांनी वाचवून परत दिली. संध्याकाळी भात उकरला की बटाटे. हल्ली भात वर फक्त झाकणासारखा असतो.

प्रत्येकीने बजावलंय, दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. मी कोणालाच सांगितलं नाही. मला वाटलं आठ-पंधरा दिवसांत दमतील.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस, नाही म्हणायला काय झालं होतं. मामासाहेब, आगीत शिरायचं मला काही वाटत नाही. आग असं विचारत नाही की माझ्या हातचं का नको.

तुम्हाला लिहायचं कारण असं, की तिघीही मला म्हणतात, काळजी करू नकोस, मामांना माहीत आहे. तिघींनी वेगवेगळं सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात काय चाललंय ते पूर्ण माहीत असलेला माणूस एकच आहे, आणि तो या घरात राहत नाही.

मला भूक नाही. फेब्रुवारीपासून नाही. ते मोजलेलं जेवण मला पुरत होतं. पट्टा एक भोक आतसुद्धा गेला होता, त्या पहिल्या आठवड्यात. पुढे तिने निम्मं केलं, तेव्हा खाली आईचे बटाटे होतेच. मी ‘छान आहे’ म्हणालो ते खरंच म्हणालो होतो, ताटात कमी दिसलं म्हणून. भूक आहे का, असं मला कोणी विचारलंच नाही.

मला बंब परत पाहिजे.

आपला
जावई

६ एप्रिल

एका पोटात चार तोंडांचं कोंबणाऱ्या आणि तरीही तो उपाशी आहे म्हणून रडणाऱ्या माझ्या घरच्या माणसांनो,

हे पत्र जेवणाच्या टेबलावर उघडायचं आहे. वाढायला सुरुवात करण्याआधी. जावईबापू, तुम्ही उभं राहून वाचा, आणि आवाज मोठा ठेवा. बाकीच्यांनी बसा. विहीणबाई, बसा. टाळ्यावाले, पिशवी खाली ठेव. चिमणे, पाण्याचा जग आज आधीच आणून ठेव. पत्र संपेपर्यंत कोणी उठायचं नाही.

चिमणे, तुझा हिशोब बरोबर होता. काटा बरोबर, तक्ता बरोबर, रस्साही बरोबर. चुकलं ते पातेल्याबाहेर. आता मी फितूर होतो. जावईबापू, थांबू नका, वाचा. भाताखाली लोण्यातले बटाटे पुरतात त्या विहीणबाई. हेल्मेटमध्ये पाव ठेवते ती टाळ्यावाली. आगीच्या तोंडी कपाळावरून ओघळला तो घाम नव्हता. फाटकाशी साय घेऊन उभी राहते ती दुसरीतिसरी कोणी नसून काटा बाळगणारी चिमणी स्वतः. आणि बिस्किटं माझी. तुम्हा तिघींना ‘तू एकटीच आहेस’ असं लिहिणारा हात एकच होता, हा.

आता एकमेकींकडे बघू नका. मला इथून दिसतंय. प्रत्येकीला धक्का बसला आहे की बाकीच्यांनी असं कसं केलं, आणि प्रत्येकीला वाटतंय की आपलं तेवढं चालण्यासारखं होतं. चिमणे, तुझ्यासारखाच तक्ता आणून मी बेरीज केली. या माणसाला तुझ्या पातेल्यातून जितकं मिळत होतं, त्याच्या तिप्पट पातेल्याबाहेरून मिळत होतं. पथ्यावर असलेला माणूस पथ्याआधीच्या दीडपट जेवत होता. ही मला चळवळ वाटली. सभा भरली आहे अशा समजुतीने मी बोलत राहिलो, आणि श्रोता एकच होता, त्याचं पोट फुटायला आलं होतं.

खात्याचं उत्तरही आलं आहे. माझ्या बारा पानांना त्यांनी दोन ओळी लिहिल्या. पट्टा लांब करून देता येईल, म्हणतात, पण बंबाचं दार रुंद करता येणार नाही.

आता कोणी विचारेल, मामा, चूक कबूल करता का? मी चूक कबूल करत नाही, मी ठराव बदलतो. फाटकासमोर खुर्चीवर चढण्याआधी मी समोरच्याला पहिला प्रश्न विचारायचो की बाबा, तुझी मागणी काय? नंतर कितीही तास बोललो तरी बोलायचो त्याच्याच मागणीवर. इथे मी तो प्रश्न विचारला नाही. विहीणबाई, तुम्हीही विचारला नाही. चिमणे, तू ग्रॅम विचारलेस, चमचा अर्धा की पूर्ण ते विचारलंस, सालांची जाडी विचारलीस. ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला, भूक आहे का, एवढं विचारायचं राहून गेलं. त्याची मागणी मला पत्राने कळली. बंब परत पाहिजे, एवढीच आहे. बटाट्यांचा त्यात उल्लेख नाही.

घरात माणसाला आग्रह करावा, असं मी आजही म्हणेन, आणि मरेपर्यंत म्हणेन. पण त्याने ‘नको’ म्हटल्यावर जे वाढलं जातं, ते वाढणं राहत नाही, ती वसुली होते. माया वसूल करायची असते काय? मी वसुली करणाऱ्यांविरुद्ध आयुष्यभर बोललो, आणि या म्हातारपणी बिस्किटांचे डबे पाठवून वसूल करत बसलो. दुकानातली सोय आज सकाळी बंद केली. दुकानदाराने विचारलं, जावई बरे आहेत ना? म्हटलं, माझ्यातून सुटले की बरे होतील.

चिमणे, काटा ठेव. मे महिन्यापर्यंत तो लागणार आहे, आणि तुझ्याइतका नेमका तो दुसऱ्या कोणाच्या हातून चालणार नाही. फक्त ताट तोलायचं ते त्याने वाढून घेतल्यावर. त्याने किती घ्यायचं ते त्याला ठरवू दे. तू ते लिहून घे आणि दर आठवड्याला बेरीज त्याच्यासमोर ठेव. तो हिशोब समजू शकतो. धूर बघून आग कुठवर गेली असेल ते ओळखतो, त्याला एक वाटी भात कळणार नाही?

विहीणबाई, तुम्हाला सगळ्यांत अवघड जाणार आहे, म्हणून तुमच्याशी शेवटी बोलतो. त्याने अर्धीच वाटी घेतली तर अर्धीच. ‘एवढंच?’ असं म्हणायचं नाही. ते डोळ्यांनीही म्हणायचं नाही. तुमचे डोळे काय करू शकतात ते मला बटाट्यांच्या पत्रावरून माहीत आहे. पोटात तुटलं तर टेबलाची कड धरा. टाळ्यावाली एका बाजूला बसेल, चिमणी दुसऱ्या बाजूला, त्या दोघींनाही तेच धरायचं आहे.

आता जावईबापू, पत्र खाली ठेवा आणि बसा. पातेलं तुमच्या पुढ्यात आहे. विहीणबाई, तुमच्या हातातला डाव त्याच्या हातात द्या.